लिथगोच्या ३०३ चं लाकूड तडकलंय

मेलबर्नचा_पक्या: मंडळी, लायसन्सवर जुनी ली-एनफिल्ड .३०३ रायफल घेतलीय, इथल्या ऑस्ट्रेलियातल्या लिथगो फॅक्टरीची, १९४२ ची. सगळीकडे काळं चिकट ग्रीस आणि पुढचं लाकूड मागच्या टोकाला तडकलंय. पॉलिशपेपर मारू का? पार्ट कुठे मिळतील?

खटका: पॉलिशपेपर अजिबात नको रे! लाकडावरचे शिक्के गेले की संपलं. टर्पेंटाइनने पुस आणि जवसाचं तेल हाताने चोळ, पातळ हात, रोज थोडं. तडा कसा गेला सांगू? कुणीतरी पुढचं लाकूड न काढताच दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, धरून ठेवणारा लांब बोल्ट फिरवला असणार, त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पत्र्यात अडकलेलं असतं, ते फिरलं की लाकूड फाटतं. मी पण केलंय हे, तो कट्ट आवाज अजून आठवतो.

मेलबर्नचा_पक्या: अरे देवा. मग बदलू?

निवांत_काका: बारीक चीर असेल तर इपॉक्सीने चिकटव. बदलायचंच तर गन शोमध्ये कोचवुडचं (ऑस्ट्रेलियन झाडाचं लाकूड) शोध, लिथगोला तेच शोभतं. भारतातल्या इशापूर फॅक्टरीचं स्वस्त पडलं तरी घासून बसवावं लागेल. आणि काडतूस आत ढकलतो त्या बोल्टचा (दस्त्याच्या नव्हे) नंबर रिसीव्हरशी, म्हणजे तो बोल्ट ज्यात सरकतो त्या मुख्य धातूच्या भागाशी, जुळतोय का? नसेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) मोजून घे, तोवर एकही गोळी झाडू नकोस बाबा.