नववीच्या समूहगीताला पट्टी (सा कोणत्या सुरावर धरायचा ती) कोणती?

प्रश्न: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली सरकारी शाळा, मुलं-मुली एकत्र. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरला की) मुलांचे आवाज फाटतात, काळी एकला मुलींचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम ऐकूच येत नाही. काय करावं?

– उत्तर: काळी दोन धरा. मुली मध्य सप्तकात, आवाज फुटलेली मुलं एक सप्तक खाली. चाल मंद्र नीच्या खाली आणि तार (वरच्या सप्तकातल्या) साच्या वर जाणारी नको. आवाज आत्ताच फुटतोय त्यांना ओरडून गायला लावू नका, तानपुऱ्यावर बसवा.

– आणि तबला? काळी चारचा लहान तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) काळी दोनला उतरवलात तर वादी (ताण देणारी चामड्याची पट्टी) सैल पडून चाट (कडेचा नाद) मरते. सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा घ्या. गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकले की सूर चढतो, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) ठोकून. पावसाळ्यात पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सुरातून उतरतेच, तासाआधी सुरात मिळवा.