एक ऑक्सिजनची कमतरता सोसतं, दुसऱ्याला ती मानवते
‘बटनबुश आणि क्यूटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, दोघांनाही ऑक्सिजन नसलेली जागा आवडते’ हे विधान अर्धंच बरोबर आहे. पहिलं पाणथळ जागेतलं झुडूप, दुसरा माणसाच्या त्वचेवरचा जिवाणू. जिवाणूला ती खरोखर मानवते. केसाच्या मुळाशी, तेलग्रंथीच्या नळीत राहून तो तिथले मेद तोडतो आणि किण्वनातून प्रोपिऑनिक आम्ल सोडतो. झुडूप मात्र ती जागा फक्त सोसतं. त्याच्या मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतोच. पाणी चढलं की बुडालेल्या खोडावर नवी मुळं फुटतात, सालीवरची हवेची छिद्रं फुगतात. म्हणून ते जवळपास १ मीटर पाण्यातही तग धरतं.

आता दोघांना वाढवण्याबद्दल. झुडपाची कोवळी फांदी ओल्या मातीत सहज मुळं धरते. जिवाणू मात्र फार सावकाश वाढतो: कृत्रिम सांध्याला त्याचा संसर्ग झाल्याची शंका असेल तर तिथला नमुना वाढीच्या प्लेटवर ३७ अंश सेल्सिअसला, ऑक्सिजनविरहित डब्यात १० ते १४ दिवस ठेवावा. ५व्या दिवशीच प्लेट टाकून दिली तर अहवालात ‘वाढ नाही’ येतं आणि खरा संसर्ग निसटतो. उलट एकाच नमुन्यात तो सापडला तर त्वचेवरून मिसळला असण्याची शक्यता बरीच, म्हणून ५-६ ठिकाणचे नमुने वेगवेगळ्या स्वच्छ उपकरणांनी घ्यायचे.