गोष्ट मनात राहील असे गेम सुचवा (साधा लॅपटॉप, मारामारी नको)

रानजाई

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते जास्त, लिहिते कमी, पण हे विचारायला दुसरं कुणी नाही म्हणून धागा काढतेय. वय ४४. लहानपणी भावासोबत मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले तेवढंच, नंतर गेमशी संबंध म्हणजे मुलाला "बंद कर आता ते" म्हणणं.

मार्चमध्ये बाबा गेले. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही आणि पुस्तक हातात घेतलं तर एकच पान चार चारदा वाचते, काही डोक्यात शिरत नाही. तर भाच्याने लॅपटॉपवर टू द मून टाकून दिला, म्हणाला मावशी यात कुणाला मारायचं नाहीये, नुसती क्लिक करत जा. अगदी जुन्या पद्धतीची ठिपक्याठिपक्यांची चित्रं, मला वाटलं लहान मुलांचं काहीतरी असेल. जॉनी नावाचा एक म्हातारा शेवटच्या घटका मोजतोय आणि त्याला चंद्रावर जायचंय, पण का जायचंय ते त्याचं त्यालाच माहीत नाही, मग दोन डॉक्टर त्याच्या आठवणींत शिरतात आणि उलटं उलटं जात राहतात, म्हातारपणापासून लहानपणाकडे. घरात कागदाचे ससे पडलेत ढीगभर, ते बायकोने का केले हे जेव्हा कळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाबांच्या कपाटात आम्हाला एसटीच्या जुन्या तिकिटांचं एक बंडल मिळालंय, रबर लावलेलं. का ठेवलं होतं ते आईलाही माहीत नाही.

असं अजून काही आहे का? ऑफिसचा साधा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. पटापट बटणं दाबायला जमत नाही. वेळ रात्री साडेदहा ते बारा. दुःखाचं चालेल, पण उगाच रडवायला रचलेलं नको. आणि एक मनापासूनचा प्रश्न, चांगली कादंबरी वाचून जे मिळतं त्यापेक्षा वेगळं असं गेममध्ये काय असतं?

कंट्रोलरवाला

रानजाई ताई, बाबांबद्दल ऐकून वाईट वाटलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर पेपर्स प्लीज. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला, २०१३ चा. कुठल्याही लॅपटॉपवर चालतो, आता फोनवरही आहे. आर्स्टॉत्स्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, तुम्हाला सरकारी लॉटरीत सीमेवरच्या चौकीत नोकरी लागलीय. माणसं येतात, पासपोर्ट काचेखालून सरकवतात, तुम्ही तारीख बघायची, फोटो बघायचा, शिक्का बघायचा, आणि हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. बास, एवढंच काम. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट. घरी बायको, मुलगा, सासू, काका, आणि रोज रात्री हिशोब समोर येतो, भाडं गेलं, आता जेवण की शेगडी की आजारी माणसाला औषध.

मग एक दिवस एक नवरा येतो, त्याचे कागद चोख. जाताना म्हणतो माझी बायको मागेच आहे, तिच्याशी नीट वागा. ती येते तर तिच्याकडे परवानाच नाही, आणि ती म्हणते परत पाठवलंत तर मारून टाकतील. आता काय करता? कादंबरीत हा प्रसंग वाचताना आपण त्या अंमलदाराला शिव्या देतो किंवा शाबासकी देतो. इथे तो ठप्पा तुमच्याच हाताने पडतो आणि मागे रांग उभी असते. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून पगार कापतात, म्हणजे दया दाखवायची तर दिवसाला दोनदाच परवडते. हे मला कुठल्याच पुस्तकाने असं शिकवलं नव्हतं. एकूण २० शेवट आहेत पण त्याच्या मागे लागू नका, जो येईल तो तुमचा.

गिरणगाव_१२

माझं मत सरळ आहे, डिस्को एलिझियम. २०१९ चा, मागची मूळ टीम एस्टोनियाची, २०२१ मध्ये सगळे संवाद आवाजात रेकॉर्ड करून परत आणला. मारामारी औषधालाही नाही, सगळं बोलण्यातून. एक पोलीस अधिकारी दारू पिऊन इतका कोसळलाय की स्वतःचं नावही आठवत नाही, आणि हॉस्टेलच्या मागच्या झाडाला एक प्रेत लटकतंय त्याचा तपास त्याच्याकडे आहे. त्याच्या स्वभावाचे २४ पैलू आहेत, तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, आणि ते सगळे डोक्यात बोलतात, एकमेकांना तोडून बोलतात, कधी चक्क खोटा सल्ला देतात. सोबतीला किम नावाचा अधिकारी, शांत, वहीत लिहीत राहणारा, आणि खेळता खेळता तुम्हाला कळतं की या माणसाच्या नजरेतून आपण उतरू नये म्हणून आपण नीट वागायला लागलोय.

पण मी हे का सांगतोय ते वेगळंच आहे. गोष्ट घडते ती बंदरावरची वस्ती, गोदी कामगारांचा संप चालू आहे, कंपनीची माणसं आलीत, युनियनचा पुढारी गोड बोलून तुमच्याकडून कामं करून घेतो, आणि काही दशकांपूर्वी तिथे क्रांती होऊन चिरडली गेलीय, भिंतींवर गोळ्यांची भोकं अजून तशीच. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहा वर्षांचा. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभेला त्यांच्या खांद्यावर बसून गेलेलो. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. आई खानावळीचे डबे करायला लागली त्यातून आम्ही शिकलो. आमच्याकडे त्याबद्दल एक तर डोळ्यांत पाणी आणून बोलतात नाहीतर सगळा दोष युनियनवर टाकून मोकळे होतात. या गेमने तसं काही केलं नाही. पुढारी लबाड आहे हे दाखवलं, कामगारांची मागणी खरी आहे हेही दाखवलं, आणि हरलेल्या वस्तीत लोक उरलेलं आयुष्य कसं काढतात ते इतक्या मायेने दाखवलं की दोन म्हातारे समुद्राच्या बाजूला गोट्यांसारखा खेळ मांडून जुन्या लढाईवरून भांडतात तिथे मी बराच वेळ थांबून होतो. आमच्या चाळीच्या जिन्यात अशीच दोन माणसं बसायची.

लॅपटॉपवर अडखळेल थोडा, चित्रांचा दर्जा सगळ्यात खाली ठेवा.

सांजवात

गिरणगाव दादा तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला, पण ताईंना डिस्को पहिल्यांदाच देऊ नका असं मी कळकळीने सांगेन. दहा लाखांहून जास्त शब्द आहेत त्यात आणि इंग्रजी साधं नाही. मी मराठी मीडियमची, इंजिनिअरिंग इंग्रजीत केलं तरी पहिले दोन तास दर वाक्याला अडत होते, आणि थकलेल्या डोक्याने रात्री अकरा वाजता ते होत नाही. नंतर खेळा, नक्की खेळा, पण आत्ता नाही.

आणि कुणीतरी धिस वॉर ऑफ माइन सुचवेलच म्हणून आधीच लिहिते. वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजचा, २०१४ चा, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. सैनिक नाही, वेढ्यात अडकलेली साधी माणसं, दिवसा पडक्या घरात चूल आणि पाणी, रात्री कुणीतरी एक जण बाहेर जाऊन अन्न औषध शोधून आणणार. पोलंडने २०२० मध्ये शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत हा गेम घातला, इतका तो मोलाचा. पण त्यात एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे. त्यांच्याकडे औषधं आहेत. आजोबा मागे मागे फिरून विनवतात, अडवत नाहीत, फक्त विनवतात. मी घेतली औषधं कारण घरी आमचा एक जण तापाने पडला होता. परत आल्यावर ज्याने आणली तो माणूसच खचला, जेवेना, काम करेना. माझे आजोबा जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि मी तो गेम परत वर्षभर उघडला नाही. रानजाई ताई, चांगला आहे, पण पुढच्या वर्षी.

आत्ता फ्लोरेन्स घ्या. फोनवर, अर्ध्या पाऊण तासाचा, २०१८ चा, मेलबर्नमधल्या टीमचा. एक मुलगी आणि क्रिश नावाचा मुलगा, ओळख, प्रेम, एकत्र राहणं, पुढचं सांगत नाही. पहिल्या भेटीत बोलायचं म्हणजे तुकडे जोडून संवादाचा फुगा पूर्ण करायचा, सहा सात तुकडे, धडपड होते. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात, शेवटी एकच, उचलून ठेवला की झालं. संबंध जुळणं म्हणजे काय हे एकही शब्द न लिहिता बोटांना कळतं. मग तो राहायला येतो आणि कपाटात त्याच्या वस्तूंसाठी तुमच्या काढून ठेवायच्या असतात. कुठल्या, ते तुम्ही ठरवायचं. लग्न होऊन सासरी गेलेल्या प्रत्येक बाईने तो एक भाग खेळावा.

बर्फातले_पोहे

टोरांटोहून लिहितोय. वेंबा कुणी सांगितला नाही अजून? २०२३ चा, इथल्याच एका छोट्या टीमने केलाय. १९८० च्या दशकात कॅनडाला आलेलं तमिळ कुटुंब, आई वेंबा, तिच्या आईची पाककृतींची वही आहे पण पानं फाटलेली, शाई पसरलेली, तर मधल्या पायऱ्या तुम्ही शोधायच्या. इडलीपात्रात थाळ्या कशा लावल्या तर वाफ वरपर्यंत जाईल, तसलं. दीड तासात संपतो. मुलगा हळूहळू इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागतो आणि आई स्वयंपाक करत राहते.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. आम्ही दोघांनी शेजारी बसून खेळला, काही बोललो नाही त्यावर, पण दुसऱ्या दिवशी तिने विचारलं आजीची पुरणपोळीची वही आहे का कुठे. नाहीये. आई अंदाजाने करायची.

कंट्रोलरवाला

सांजवात, फ्लोरेन्सबद्दल पूर्ण सहमत. त्याच जातीचं अजून एक, व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच, २०१७ चा, बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेम ठरलेला. एका घराण्यातली एकेक माणसं कशी गेली ते प्रत्येकाच्या खोलीत जाऊन बघायचं. त्यात माशांच्या कारखान्यात काम करणारा एक मुलगा आहे, लुईस. एका हाताने मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, डोकं उडालं की पुढे ढकलायचा, तेच तेच. दुसऱ्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात चालायचं. आधी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात छोटंसं, मग वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं, आणि तुमच्या लक्षात येतं की एक हात अजून मासे कापतोय, आपण बघतही नाही आहोत. मी पाच वर्षं एका कंपनीत नाईट शिफ्टला पॅकिंग लाइनवर होतो. माझं डोकं तेव्हा कुठे असायचं ते मला कुणाला कधी सांगता आलं नव्हतं.

पण ताई, मरणांचीच गोष्ट आहे, आणि लॅपटॉप थोडा बरा लागेल. भाच्याकडे जाऊन खेळा.

निवांत_कोथरूड

राजी पण बघा कधीतरी, आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजस्थानी महाल, भित्तिचित्रांतून देवादिकांच्या कथा. दिसायला फार देखणा आहे, पण लढाया आहेत आणि कथेत तुम्ही म्हणताय तसली खोली मला सापडली नाही, तरी पुण्यातल्या मुलांनी हे उभं केलं याचा मला अभिमान आहे.

तुमच्या तिकिटांच्या बंडलावरून मात्र मला ओब्रा दिन आठवला. हाही लुकास पोपचाच, २०१८. साल १८०७, ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज परत सापडलंय, वर जिवंत कुणी नाही. ६० माणसं होती, प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते तुम्ही वहीत भरायचं. हातात एक घड्याळ आहे, प्रेतापाशी उघडलं की त्या माणसाचे शेवटचे काही क्षण ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेला दिसतो, त्यात हिंडायचं. कोण कुणाशेजारी झोपतो, कुणाचे बूट कसे, कोण कुठल्या भाषेत ओरडतो. खलाशांत आपल्याकडचेही लोक आहेत. कुणी काही सांगत नाही, मागे जे उरलंय त्यावरून माणूस ओळखायचा. घाई अजिबात नाही, कागद पेन घेऊन बसा.

रानजाई

उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, माफ करा. सगळ्यांचं सगळं दोनदा वाचलं.

पेपर्स प्लीज खेळले. त्या बाईला मी आत सोडलं, ताकीद आली, बरं वाटलं. पण नंतर सासू आजारी पडली, औषधाला पैसे नव्हते, आणि मला पटापट माणसं काढायला हवी होती, तर एका रात्री माझ्या लक्षात आलं की मी गेले पंधरा वीस जण नुसती तारीख आणि शिक्का बघून काढलेत, चेहरा एकाचाही बघितला नाही. बाबा तहसील कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर होते, ३१ वर्षं. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन अर्धा तास ओट्यावर बसायचे आणि त्या वेळात आम्ही कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मला लहानपणी त्याचा इतका राग यायचा. परवा गेम बंद केला आणि मी पण तशीच बसून राहिले, नवऱ्याने काहीतरी विचारलं तर उत्तर द्यावंसं वाटेना.

सांजवात, आज फ्लोरेन्स घेतेय. गिरणगाव दादा, डिस्को दिवाळीच्या सुट्टीत सुरू करेन, शब्द अडले तर इथेच विचारीन.

निवांत, ओब्रा दिन अजून घेतला नाही, पण तुमचा प्रतिसाद वाचून ते बंडल सोडलं आणि जेवणाच्या टेबलावर सगळी तिकिटं मांडली. ६४ आहेत. वर गावाचं नाव कुठेच नाही, पण सगळी एकाच किमतीची निघाली, म्हणजे दर वेळी तेवढंच अंतर. भाऊ म्हणतो आजोळची असतील. आजोळचं भाडं तेव्हा किती होतं ते आईला विचारलं, तर ते जास्त होतं म्हणाली.