गॅस्ट्रिक बँडनंतर पाचवा आठवडा : वजन अडलंय, भात अडकतोय, पेज मात्र वाडगाभर जाते

अंत्रुजवासी :
नमस्कार. वहिनीचं (वय ४१, उंची १५८ सेंमी) गॅस्ट्रिक बँडचं (जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेली, आतून फुगवून घट्ट करता येणारी कडी) ऑपरेशन पाच आठवड्यांपूर्वी आखातात झालं. आता ती फोंड्याला घरी आली आहे. ऑपरेशनच्या दिवशी वजन १०४ किलो होतं, तीन आठवड्यांत ९७ झालं आणि तिथेच थांबलं. उलट आता भूक लागते म्हणते. बँडमध्ये अजून काही भरलेलं नाही. पहिलं फिल (बँड घट्ट करायला आत सलाइन भरणं) सहा आठवडे झाल्यावर इकडच्याच एखाद्या बॅरिॲट्रिक (वजन उतरवण्याची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनकडे करून घ्या, असं सांगून पाठवलंय.

परवापासून सगळ्यांबरोबर पानावर बसायला लागली. उकड्या भाताचे दोन-तीन घास गेले की छातीच्या मधोमध अडकतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, ओकल्याशिवाय बरं वाटत नाही. पेज मात्र वाडगाभर आरामात जाते, म्हणून आई म्हणते पेजेवरच राहू दे. वजन का थांबलं, काय खायला द्यायचं आणि फिलला जाताना काय विचारायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

सुमती डिचोली :
वजन थांबलं याची आत्ता काळजी करू नका. पहिल्या तीन आठवड्यांतले सात किलो मुख्यतः पातळ आहारामुळे गेले, त्यात शरीरातलं पाणीही बरंच असतं. शिवाय ऑपरेशननंतर बँडखालच्या जठराला सूज असते, त्यामुळे बँड घट्ट असल्यासारखा वाटतो आणि भूक मरते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूज उतरते, बँड रिकामा असतो, भूक परत येते. पहिल्या फिलपर्यंतचा हा काळ सगळ्यात जड जातो. या दिवसांत वजन आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ झालं. जठर टाक्यांपाशी भरून येणं आणि बँड जागेवर नीट बसणं, एवढंच आत्ताचं काम.

आता पेजेचं. बँडच्या वर जठराची जी छोटी पिशवी उरते ती साधारण १५ ते ३० मिली., म्हणजे मोठे दोन चमचे. घन अन्न त्या पिशवीत थांबतं आणि हळूहळू खाली सरकतं. ते थांबल्याने पिशवीच्या भिंतीवर जो हलका दाब येतो, त्यातून ‘पोट भरलं’ ही खूण मेंदूकडे जाते. पेज थांबतच नाही, नळीतून पाणी जावं तशी खाली जाते. वाडगाभर पेज आरामात जाते ती यामुळेच, आणि तासाभरात पुन्हा भूक लागते तीही यामुळेच. पहिल्या पंधरवड्यात पेजेने सांभाळलं हे खरं, पण पुढे तीच पेज, गूळ घातलेलं नाचणीचं तिझान, शहाळं, फळांचे रस, आइस्क्रीम यांच्यावर माणूस राहिला तर बँड असूनही वजन वाढतं. आईंना हे जरूर समजावून सांगा. त्यांचा जीव तुटतो म्हणून त्या सांगतात, पण इथे माया पेजेत नको, माशात दाखवावी.

भात अडकतो कारण शितं एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि आत गेल्यावर ओलावा धरून फुगतो. उकड्याचं शीत तर जाड. शिवाय पाचवा आठवडा हा अजून मऊ जेवणाचा आहे. साधारण क्रम असा : पहिले दोन आठवडे पातळ, तिसरा-चौथा वाटलेलं, पाचवा-सहावा मऊ आणि काट्याने कुस्करता येईल असं, त्यानंतर नेहमीचं. वहिनींनी एक पायरी गाळली आहे. भात सध्या बंदच ठेवा, महिन्याभराने चमचाभर घालून बघा.

मऊ जेवणाला आपल्याकडे मुडदुशीसारखा मासा नाही. लेपोही चालेल. आमसुलं, हळद, मीठ आणि अगदी पातळ नारळाच्या रसात शिजवायचा, काटे हाताने काढायचे आणि जेवणाच्या काट्याच्या पाठीने दाबून बघायचं : पाकळ्या सुट्या झाल्या पाहिजेत, रबरासारखा परत उसळता कामा नये. सुंगटं (कोळंबी) आणि माणकी (माकुल) म्हणूनच आत्ता नकोत. रव्यात तळलेला तुकडाही नंतर. सोबत अर्धं मऊ अंडं, घट्ट दही, सालं काढलेल्या मुगाची उसळ, ताजं पनीर.

मोजमाप : चहाची बशी हेच पान. एकूण जेवण अर्धी वाटी. चहाचा चमचा, एका वेळी करंगळीच्या नखाएवढा घास, वीस वेळा चावायचा, गिळल्यावर चमचा खाली ठेवायचा आणि मिनिटभर थांबायचं. वीस मिनिटांत बशी संपली नाही तरी उठायचं. नाकातून पाणी, उचकी, शिंक किंवा खोल उसासा आला की पिशवी भरली समजा. पुढचा घास हाच अडकणारा घास असतो.

दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. शिजलेला मासा १०० ग्रॅम म्हणजे साधारण २० ग्रॅम, एक अंडं ६ ग्रॅम, वाटीभर मूग ७-८ ग्रॅम. एवढ्याशा पोटात हे सुरुवातीला बसत नाही, तेव्हा व्हे प्रोटीनची एक मात्रा दोन जेवणांच्या मध्ये द्या. बशीत आधी मासा किंवा अंडं संपवायचं, मग भाजी, जागा उरली तर बाकीचं.

आणि जेवताना पाणी नाही. हुमण (माशाची आमटी) ओतून कालवणं आणि शेवटी सोलकढी पिणं ही आपली रीत, पण त्याने पिशवीतलं अन्न धुऊन खाली जातं आणि खाल्ल्याचा उपयोग राहत नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबून मग घोट-घोट. दिवसभरात दीड ते दोन लिटर मात्र झालंच पाहिजे.

शापोरा :
सुमतीताईंचं पटलं. फक्त एक सुचवतो. गोव्यात बँड आता क्वचितच बसवतात, बहुतेक ऑपरेशनं स्लीव्ह (जठर कापून लहान करणं) किंवा बायपासची (जठर लहान करून आतडं वळवणं). फिल करणारा सर्जन सहज मिळेलच असं नाही, मुंबईला किंवा पुण्याला जावं लागलं तर खर्च आणि हाल. मग एकाच खेपेला पुरेसं घट्ट करून घेतलं तर?

कांपालकर :
शापोरा, कृपा करून हा सल्ला कुणी घेऊ नये. बँड जास्त घट्ट झाला म्हणजे वजन जास्त उतरेल ही समजूत सगळ्यात महागात पडते. घट्ट बँडमधून मासा-अंडं जात नाही, पेज-आइस्क्रीम जातं. माणूस नकळत तिकडे वळतो, आणि घट्ट बँडवर वजन वाढतं ते असं. त्यात रोजच्या ओकाऱ्यांनी खालचं जठर बँडमधून वर सरकतं. त्यालाच बँड घसरणं म्हणतात आणि त्याला अनेकदा पुन्हा ऑपरेशन लागतं. अन्ननलिका फुगते ती वेगळी.

अंत्रुजवासी, फिलची पद्धत समजून घ्या. पोटाच्या कातडीखाली, स्नायूच्या आवरणाला शिवलेला एक पोर्ट असतो, बोटाने दाबलं तर टणक बटणासारखा लागतो. तिथून नळी बँडपर्यंत जाते. त्या पोर्टमध्ये निर्जंतुक सलाइन भरलं की बँडच्या आतला फुगा फुगतो. सुई ह्यूबरचीच हवी. तिचं टोक असं कापलेलं असतं की पोर्टच्या सिलिकॉन पडद्याचा तुकडा निघत नाही. साध्या इंजेक्शनच्या सुईने पडदा कायमचा गळू शकतो, मग पोर्ट बदलावा लागतो. ‘ही सुई आहे ना?’ हे विचारायला अजिबात संकोच करू नका.

बँडची एकूण क्षमता बनावटीप्रमाणे ४ मिली.पासून १४ मिली.पर्यंत असते. एकाला ३ मिली. म्हणजे जवळजवळ गच्च, दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना नको, आणि बँड कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा हे लिहिलेला कागद हवाच. आखातातल्या रुग्णालयातून आत्ताच मागवून घ्या : ऑपरेशनचा अहवाल, बँडचं कार्ड, पोर्ट कुठल्या बाजूला आहे, आत आधीच किती सलाइन आहे. ‘रिकामा’ म्हणून सांगितलेल्या बँडमध्येही कधीकधी थोडं सलाइन असतं. कार्डाचा फोटो वहिनींच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये असू द्या.

फिल थोडं-थोडं, बहुधा अर्धा ते एक मिली. त्यानंतर तिथेच उठून बसून पेलाभर पाणी घोट-घोट प्यायला लावतात. ते पाणी खाली न जाता वर साठत असेल तर लगेच थोडं काढून घेतात. पाणी न पिताच घरी पाठवत असतील तर स्वतः मागून प्या. पुढचे एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं, आणि पुढचं फिल चार ते सहा आठवड्यांनी. एका वहीत चार रकाने आखा : तारीख, किती मिली. घातलं किंवा काढलं, आत एकूण किती, वजन. वेगळा सर्जन बघणार असेल तर ही वही त्याला दहा प्रश्नांची उत्तरं देते.

बँड बरोबर जुळला हे कसं ओळखायचं? अर्धी ते एक वाटी घन जेवणावर तीन-चार तास भूक नाही, ओकारी नाही, आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतं. भूक लवकर लागते आणि खूप खाल्लं जातं तेव्हा सैल. रात्री आडवं झाल्यावर कोरडा खोकला, उशीवर लाळ, छातीत आंबट : हे घट्ट, आणि थांबून बघू असं म्हणायचं नाही, थोडं सलाइन काढून घ्यायचं. झोपेत ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

अपेक्षाही माफक ठेवा. १५८ सेंमी उंचीला साधारण ६२ किलो योग्य धरलं तर जादा वजन ४२ किलो. बँडने दोन-तीन वर्षांत त्यातलं निम्म्याच्या आसपास उतरतं, म्हणजे १०४चे ८३-८४. स्लीव्हवाल्यांचं यापेक्षा झटपट उतरतं, त्यांच्याकडे बघून वहिनींनी खचू नये.

एक राहिलं. रिकाम्या बँडवर, मऊ मासा सावकाश खाऊनही अडकत असेल, तर फिलच्या आधी बेरियम पिऊन एक्स-रे करून घ्या. बँड नीट बसलाय का ते बघूनच फिल.

अंत्रुजवासी :
मनापासून आभार, दोघांचेही. आईला पेजेचं वाचून दाखवलं. आणखी दोन गोष्टी. वहिनीला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे, गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफेनॅकही घेते. आणि सकाळी भाजी-पाव खाल्ला तर सगळ्यात जास्त अडकतं, ते का?

परिचारिका पेडणे :
गोळ्यांचं आधी, कारण ते आजचं काम आहे. ग्लिमेपिराइड जुन्या जेवणाच्या हिशेबाने दिलेली असते. जेवण पाव हिश्शावर आलं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली जाते : घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून आकडे लिहा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घ्या. रक्तदाबाची गोळी असेल तर तिचंही तेच. मेटफॉर्मिनच्या पाकिटावर ‘एक्सआर’ किंवा ‘एसआर’ असेल तर ती कुटायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. अडकत असेल तर साधी गोळी किंवा पातळ औषध मागून घ्या.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन बंद. बँडपाशी जठराच्या आतल्या अस्तराला इजा झाली की पुढे बँड भिंतीत घुसण्याची भीती. दुखलं तर पॅरासिटामॉल. रोज मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, डी जीवनसत्त्व, आणि बी-१२ व लोह रक्त तपासून. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागले तर घाबरू नका, पण प्रथिनांचा हिशेब पुन्हा घाला.

सकाळी बँड सगळ्यात घट्ट असतो, कित्येकांना दुपारपर्यंत घन काही जात नाही. त्यात पाव. पावाचा मऊ भाग लाळेत भिजून कणकेचा गोळा होतो आणि बँडच्या तोंडावर बूच बसतं. उठल्यावर आधी कपभर कोमट पाणी सावकाश, अर्ध्या-पाऊण तासाने अंडं किंवा घट्ट दही. पाव खायचाच असेल तर काही महिन्यांनी, कडक भाजून, छोट्या तुकड्याएवढा. पोईचंही तेच. सोडा आणि गॅसची पेयं नकोत. हंगामात नीरा आणि हुर्राकही (काजूची दारू) बँडमधून सरळ खाली उतरतात, नीरा साखरेसकट आणि हुर्राक दारूच्या उष्मांकांसकट.

अडकलं तर : खाणं थांबवा, वरून पाणी ओतू नका, उभं राहून फेऱ्या मारा. नंतर २४ तास फक्त पातळ, कारण तिथे सूज आलेली असते. स्वतःची लाळही खाली जात नसेल किंवा सतत जोराचं पोटदुखणं आणि ओकाऱ्या असतील तर रात्र काढू नका, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या आणि दारातच सांगा : ‘गॅस्ट्रिक बँड आहे, ह्यूबर सुईने सलाइन काढावं लागेल.’ दोन आठवड्यांहून जास्त ओकाऱ्या झाल्या असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ द्यायला सांगा. नुसत्या ग्लुकोजने मेंदूला इजा होऊ शकते.

ताप, १२०च्या वर नाडी, दम लागणं, एका पोटरीला सूज : यातलं काहीही दिसलं तर लगेच. काही महिन्यांनी पोर्टची जागा लाल होऊन पू आला आणि त्याच सुमारास बँड एकदम सैल वाटू लागला, तर नुसतं मलमपट्टीचं काम समजू नका. बँड आत घुसल्याची ती खूण असू शकते, एंडोस्कोपी करायला सांगा.

आणि सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. विहिरीवरची भरलेली कळशी दहा किलोच्या घरात जाते, ती दुसऱ्या कुणीतरी आणावी. चालणं मात्र रोज, पाऊस असेल तर घरातल्या घरात, दहा-दहा मिनिटांच्या तीन खेपा.

अंत्रुजवासी :
आज मुडदुशीचे सहा चमचे, पंचवीस मिनिटं, काही अडकलं नाही. साखर मोजायला सुरुवात केली, उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बँडच्या कार्डासाठी दादा तिकडे अर्ज देतोय. कळशी आता माझ्याकडे.