ताटलीतल्या पेशींवरून किरणांची मात्रा ठरवता येते का?

धागाप्रवर्तक (कॉलेज रोड, नाशिक):
घरातील एका कर्करुग्णाला ‘लाइट’ (किरणोपचार) द्यायचे ठरल्यापासून मी या विषयाचे वाचन करीत आहे, आणि प्रयोगशाळेत ताटलीत वाढवलेल्या पेशींवर मिळालेल्या आकड्यांना अवाजवी महत्त्व दिले जाते, असे माझे मत झाले आहे. १९५६ मध्ये पक आणि मार्कस या संशोधकांनी हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींवर) क्ष-किरण सोडून, त्यांपैकी किती पेशींपासून नवी वसाहत उभी राहते हे मोजले. तेव्हापासून मात्रा आणि तगलेल्या पेशी यांचा आलेख या शास्त्राचा पाया ठरला. परंतु ताटलीत पेशींचा एकच थर असतो आणि प्राणवायू मुबलक असतो. कर्करोगाच्या गाठीच्या आत जिथे तो पोहोचत नाही, तिथल्या पेशी मारण्यासाठी अडीच ते तीनपट मात्रा लागते.

प्रतिसाद (निफाड):
असहमत. अडीच-तीनपटीचा हा आकडाही ताटलीतल्या पेशींवर मोजूनच पक्का झाला आहे. तीच मात्रा काही तासांच्या अंतराने दोन हप्त्यांत दिली तर अधिक पेशी तगतात, कारण मधल्या वेळात त्या दुरुस्ती करून घेतात, हे एल्काइंड आणि सटन या संशोधकांनी १९५९ मध्ये ताटलीतच दाखवले. शिवाय ‘पेशी मेली’ याचा अर्थ आमच्या तालुक्यात तरी कळायला हवा. लासलगावच्या किरण-प्रक्रिया केंद्रात कांद्याला ३० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा देतात. कांदा चांगला राहतो, फक्त कोंबातील पेशींना विभागता येत नाही, म्हणून मोड येत नाही. गाठीतील पेशीही एक-दोनदा विभागून मग मरू शकते, त्यामुळे गाठ लगेच आटली नाही म्हणून मात्रा वाया गेली असे होत नाही.

धागाप्रवर्तक:
कांद्याचा दाखला पटला. मात्र त्याला ही मात्रा एकाच वेळी मिळते, रुग्णाला ६० ग्रे बहुधा २ ग्रेच्या ३० हप्त्यांत. इथेच माझी खरी हरकत आहे. दर हप्त्याला निम्म्या पेशी तगतात असे धरले, तर ३० हप्त्यांनंतर १ अब्ज पेशींमागे साधारण एक उरते. एक घनसेंटीमीटर गाठीत सुमारे तितक्या पेशी असतात असे मानतात. आता निम्म्याऐवजी ६० टक्के तगतात असे धरा, म्हणजे सुमारे २२० उरतात, आणि मधल्या आठवड्यांत होणारी वाढ यात धरलेलीच नाही. ताटलीतली एवढीशी चूक तीस वेळा गुणली जाते.

दुसरा प्रतिसाद (नाशिक रोड):
या गणितासाठी एकच थर वापरायची सक्ती नाही. पेशींचे गोलक वाढवले तर त्यांच्या गाभ्यात प्राणवायूची टंचाई आपोआप निर्माण होते. तरीही अंतिम आकडा रुग्णांकडूनच आला आहे: स्तनाच्या कर्करोगात ५० ग्रेच्या २५ हप्त्यांऐवजी ४० ग्रेचे १५ हप्ते पुरतात, हे ब्रिटनमधील चाचण्यांनी दाखवले.

प्रतिसाद (निफाड):
ते मान्य. पण हप्त्याचा आकार बदलला की एकूण मात्रा किती बदलावी, हे सांगणारे सूत्र तगलेल्या पेशींच्या त्याच आलेखांवर बसते. ते नसते, तर चाचणीत कोणता आकडा तपासायचा, हेच कोणाला सुचले नसते.