मदत हवी आहे: कुत्र्याचा व्हॉल्व्ह गळतोय, त्यात हृदयाजवळ गाठ

नमस्कार मंडळी,

आमचा गोट्या पॉमेरेनियन, वय ११, वजन सव्वासात किलो. दोन वर्षांपूर्वी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह गळतोय म्हणून निघालं. पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू झालं, मागच्या हिवाळ्यात फुप्फुसात पाणी झाल्यापासून लॅसिक्सही, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. गोळी आईच्या हातच्या पोळीतूनच जाते. मी दिली की पोळी खातो अन् गोळी तेवढी चटईवर काढून ठेवतो.

तो झोपला की आई मोबाईलवर मिनिट लावून श्वास मोजते, कॅलेंडरवर लिहिते. २२-२४ असायचे. या आठवड्यात दोनदा ३३. तिसाच्या वर गेले तर फोन करा, असं डॉक्टर म्हणाले होते. परत इको केला, तर महाधमनीच्या मुळाशी दीड सेंटिमीटरची गाठ! आधी नव्हती की दिसली नाही, कोण जाणे. जागेवरून केमोडेक्टोमा वाटते, म्हणजे हळू वाढणारी. पक्कं कळायला सीटी हवा, त्यासाठी भूल आली.

जपानमध्ये हृदय उघडून व्हॉल्व्ह दुरुस्त करतात, ते आपल्या आवाक्यातलं नाही. पण २०२४ मध्ये दिल्लीत एका बीगलला गळती कमी करायला व्हॉल्व्हवर क्लिप बसवली. छातीला छोटी चीर, हृदय चालूच, व्हॉल्व्हच्या दोन पाकळ्या चिमटून धरायच्या. गाठ असताना कोणी क्लिप बसवतं का? की आधी गाठीचं बघायचं? सोमवारी इथे नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवतोय, तिथे काय काय विचारू?

"कुत्र्यासाठी एवढं?" हे घरी ऐकून झालंय, इथे नको बाप्पा.

प्रतिसाद १
दादा, आमच्या बॉक्सरला तशीच गाठ होती. आधी विचारा, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी आहे का? असेल तर लॅसिक्स वाढवून भागत नाही, उलट बिघडू शकतं. सुईनं काढावं लागतं, आमचं दोनदा काढलं. खोकतो का? फुगलेलं हृदयही श्वासनलिका दाबतं, गाठही दाबू शकते. कशानं खोकतो ते कळल्याशिवाय क्लिपचं ठरवू नका.

धागाकर्ता
ताई, धन्यवाद. रिपोर्ट काढून पाहिला, पिशवीत पाणी नाही असंच लिहिलंय. पण पहाटे खोकलून राहिला आहे, हे मी वर लिहायलाच विसरलो. सोमवारी विचारतो. दिल्लीला कुत्रा घेऊन गेलेलं कोणी आहे का? बाहेर ४५ डिग्री आहे, लगेज डब्यात तर ठेवणार नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो ना?