मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल गाडी तेल खातेय, घाटात दम सोडते. टर्बो बदलायचाच का?

पोहेजलेबी:
मंडळी नमस्कार, इंदूरहून लिहितोय. गाडी १ लिटर टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, ६० हजार किमीच्या पुढे गेलीय, वॉरंटी संपली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मग सगळे प्रतिसाद "तरी सांगत होतो ही घेऊ नका" असेच येतात आणि तेलाचं राहूनच जातं.

तर झालं असं की महेश्वरहून परत येताना मानपूरचा घाट लागला, एसी चालू, माणसं भरलेली, वर आईने घेतलेल्या साड्यांचं गाठोडं, तिसऱ्या गिअरला दाबलं की बॉनेटमधून बारीक शिट्टी यायची आणि मग एका चढावर गाडीने मानच टाकली. चेक इंजिनचा दिवा लागला, मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून, महूपर्यंत रडतखडत आलो. स्कॅनरवर कोड आला पी०२९९, म्हणजे टर्बो इंजिनात जी हवा दाबून भरतो तिचा दाब कमी पडतोय म्हणे.

दुसरी भानगड ह्याच्याही आधीपासूनची आहे. पलासियाच्या सिग्नलला जरा जास्त उभं राहून निघालं की मागे निळसर धूर, एकच फुसका, मग काही नाही. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेपासून अर्ध्यावर आलंय आणि सर्व्हिसला अजून बराच अवकाश आहे. जमिनीवर थेंब नाही, कूलंट जिथल्या तिथे.

एका गॅरेजवाल्याने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा, पाइप काढला, आत बोट फिरवलं, बोट तेलकट निघालं, झाला निकाल: "भिया, टर्बो गया समझो." नव्या टर्बोचा आकडा इथे लिहवत नाही. दुसरा म्हणतो टर्बोला हात लावू नका, २०डब्ल्यू-५० हे जाड तेल घाला, इथल्या उन्हाळ्यात पातळ तेल टिकतच नाही. मामेभावाचं म्हणणं रेसिंगवालं सिंथेटिक घ्या. मॅन्युअल म्हणतं ५डब्ल्यू-३०. कोणाचं ऐकू? आणि टर्बो खरंच गेला असेल का, की हे लोक नुसतेच घाबरवतायत?

ग्रीसचा_डाग:
थांबा, टर्बोची ऑर्डर देऊ नका. शिट्टी, दम जाणं आणि हा कोड तिन्ही एकत्र म्हटलं की मी आधी टर्बो आणि इंटरकूलरमधले पाइप बघतो. टर्बो हवा दाबत असतो पण ती वाटेतच सुटते. गाडी लिफ्टवर घेऊन टॉर्च मारा, जोडापाशी तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ बसलेली दिसली तर गळती बहुतेक तिथेच. खात्रीसाठी स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधतात ती) करून घ्या, नुसता स्कॅनर लावून हे कळत नाही. पाइप धड निघाले तर मग वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन एक्झॉस्ट सोडणारी झडप) आणि त्याचा अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे ती झडप हलवणारा भाग.

आणि पाइपात बोट तेलकट होणं हा काही पुरावा नाही, पीसीव्हीतून (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढून घेणारा व्हॉल्व्ह) येणारी तेलाची वाफ त्याच वाटेने जाते, हलका थर असणारच. पाइप उलटा धरल्यावर धार लागली तर वेगळी गोष्ट. टर्बो तपासायचाच असेल तर इंजिन गार असताना इनलेटचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवायला सांगा. आडवा किंचित हलला तरी चालतं, बेअरिंग तेलाच्या थरावरच तरंगत असतं. पुढेमागे खेळ जाणवला किंवा पाती आतून घासलेली दिसली तर मात्र गेला.

ग्वाल्हेरकर_ताई:
धुराचं मी सांगते. आयडलला उभं राहून निघताना धूर येतो म्हणजे एकतर व्हॉल्व्ह सील (इंजिनाच्या झडपांपाशी तेल अडवणारं रबर), नाहीतर पीसीव्ही. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं हो, धातूच्या बारीक रिंगा असतात, त्या दाबाच्या फरकावर तेल अडवून धरतात, आणि टर्बोतलं तेल खाली नुसतं उतारानेच येतं. पीसीव्ही तुंबला की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) दाब साठतो, तेलाला खाली यायला वाट मिळत नाही आणि ते रिंगांतून एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं. लोक नवा टर्बो बसवतात आणि तोही धूर काढतो तो ह्यामुळेच. इंजिन आयडलला असताना तेलाचं झाकण सैल करून बघा, बाही सांभाळून. झाकण आत ओढलं जाऊन घट्ट बसतंय तर पीसीव्हीचा डायफ्राम (रबरी पडदा) फाटलाय, फकफक वाफ बाहेर येतेय तर पीसीव्ही तुंबलाय किंवा पिस्टन रिंगा दमल्यात.

२०डब्ल्यू-५० चं मात्र अजिबात मनावर घेऊ नका. ग्रेडमधला दुसरा आकडा म्हणजे गरम तेलाचा दाटपणा, तो १०० डिग्रीला मोजतात, ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (दाटपणाचं माप), ५० ग्रेड १६.३ च्या वर. इंजिन तापल्यावर तेल जवळपास तेवढंच गरम होतं, बाहेर ४३ असो की २०, त्यामुळे इंदूरच्या उन्हाचा इथे फारसा संबंध नाही. उलट सकाळी स्टार्ट केल्यावर जाड तेल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि एवढ्याशा टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जातो, तिथे उशीर कसा परवडेल?

पोहेजलेबी:
ताई, झाकण फकफक करतंय. मग ५डब्ल्यू-३० कुठल्याही कंपनीचं चालेल?

ग्वाल्हेरकर_ताई:
कंपनी कुठलीही घ्या, पण डब्याच्या मागे मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशनचा नंबर जसाच्या तसा बघा, "टर्बोसाठी खास" वगैरे समोरचं वाचू नका. आणि एपीआय एसपी (तेलाच्या दर्जाची खूण) हवंच. हे २०२० साली आलं, डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमला जोर दिला की मिश्रण वेळेआधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो, त्याची चाचणी ह्यात आहे. जुन्या तेलातलं जास्तीचं कॅल्शियम हे त्याचं एक मोठं कारण, म्हणून नव्यात मॅग्नेशियम वाढवलंय. घाटात वरच्या गिअरला रेटू नका, खाली टाका. शहरातल्या शहरात चालत असेल तर तेल कंपनी म्हणते त्याच्या जरा आधीच बदला.

पोहेजलेबी:
अपडेट देतो. इंटरकूलरच्या खालच्या पाइपला क्लॅम्पच्या कडेला नखाएवढी चीर, स्मोक टेस्टमध्ये तिथूनच धूर निघाला. शाफ्टला पुढेमागे खेळ नाही. पाइप बदलला, पीसीव्हीही बदलला, शिट्टी गेली, कोड परत आला नाही. धूर अजून कधीमधी दिसतो. अर्धा लिटर टॉपअप करायचंय, घरात ५डब्ल्यू-४० चा डबा पडलाय, एसपीच आहे, चालेल का?

ग्रीसचा_डाग:
टॉपअपला चालेल, मिसळल्याने काही होत नाही. धूर लगेच थांबणार नाही, एक्झॉस्टमध्ये साठलेलं तेल जळायला वेळ लागतो. दर रविवारी गाडी सपाट जागी लावून, इंजिन गार असताना डिपस्टिक बघा आणि किमीसकट लिहून ठेवा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये १००० किमीला अर्धा लिटर चालतं असं लिहिलेलं असतं, त्याच्या वर गेलं तर व्हॉल्व्ह सील बघू.